शांत साप दाखवा, काका

दुकानात शिरणाऱ्या माणसाची मोटार जळालीय की घरात साप निघालाय, हे मला त्याने तोंड उघडायच्या आत कळतं. मोटार जळालेला आधी बाकड्यावर बसतो, पाणी मागतो आणि मग हळूच 'किती दिवस लागतील' म्हणून विचारतो. साप निघालेला गाडी बंदच करत नाही. २०२४ च्या मृगात एक पोरगा आला, तो या दोन्हींत बसेना. गाडी नीट स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं, चपला बाहेर काढल्या. मी आर्मेचरमधली जुनी तार उपसत होतो. तो समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, पहिल्यांदाच पाळायचाय. शांत साप कोणता?"

नांदगावला स्टेशनच्या अंगाला माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. पानबुडी मोटारी, स्टार्टर, पंखे, जे जळेल ते. साप पकडायला लागलो त्यालाही दुकानाएवढीच वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर एकातूनच दुसरं निघालं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत उबेला पाली जमतात आणि पालींमागे कवड्या येतो. पेटी उघडली की कॉन्टॅक्टरवर वेटोळं करून बसलेला. पहिले दोन-तीन शेतकऱ्यांनी पक्कडीनेच चेचले. चौथा मी पिशवीत घालून बांधावर सोडला, आणि पंचक्रोशीत झालं, की मोटारवाल्याला साप पण धरता येतो. तेव्हापासून 'घरातून बाहेर काढा' म्हणणारी माणसं किती भेटली याची मोजदाद नाही. घरात आणायचाय म्हणणारा हा पहिलाच.

पोरगा ओळखीचा. माझ्या वर्गमित्राचा धाकटा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणी माझ्या बरणीतली कात बघायला यायचा.

मी आधी कायदा सांगितला, कारण तिथे गंमत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या मातीतला साप पाळता येत नाही. नाग नाही, धामण नाही, दिवड नाही, मांडूळ तर नाहीच. मी पकडतो तेही वनखात्याला कळवून, सोडण्यासाठी. माझ्या घरी एक रात्र साप राहिला तर मला त्याचं उत्तर द्यावं लागतं. पोरगा म्हणाला, "ते माहितीये काका. बाहेरचा घेणारे. बॉल पायथन नाहीतर कॉर्न स्नेक." मोबाइलवर फोटो दाखवला. अमेरिकेतली कुणी बाई सोफ्यावर बसून पुस्तक वाचतेय आणि तिच्या गळ्यात साप, जसा आपल्याकडे टॉवेल असतो.

"बघा, किती शांत!"

हा शब्द मला खुपतो. का खुपतो ते त्याला तिथल्या तिथे सांगता आलं नाही, कारण त्यासाठी मला माझ्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मागे जावं लागलं असतं. त्या वर्षी मी मांडूळ पाळला होता.

दुतोंड्या म्हणतात तो हाच. लालसर तपकिरी, गुळगुळीत, शेपूट डोक्यासारखीच बोथट. लेंडी नदीच्या काठाला पाइपलाइन खोदताना मिळाला. हातात घ्या, वळवा, खिशात ठेवा, काही करत नाही. मी निळा ड्रम अर्धा मातीने भरला, त्यात ठेवला आणि मित्रांना दाखवत सुटलो. कायदा ठाऊक नव्हता, असं म्हणून सुटता येईल. पण तो उपाशी होता हे कळायला कायदा लागत नाही. तीन महिने त्याने काही खाल्लं नाही. मी बेडूक टाकले, अंडं टाकलं, एकदा तर दुधाची वाटी ठेवली. साप दूध पीत नाही हे शाळेच्या पुस्तकात वाचून पाठ होतं, तरी ठेवली. मांडूळ जमिनीत तोंड खुपसून पडून राहणारा, उंदीर-घुशींवर जगणारा साप. मी रोज त्याला उकरून वर काढत होतो. कातडीला चुण्या पडायला लागल्या, पाठीचा कणा बोटाला लागायला लागला, आणि तो दिवसेंदिवस अधिकच 'शांत' होत गेला. शेवटी जिथून आणला तिथे नेऊन सोडला. मातीत शिरायलाही त्याला बराच वेळ लागला. त्यानंतर 'शांत आहे हो, काही करत नाही' असं कुणी म्हणालं की मला तो ड्रम आठवतो.

या गरीब स्वभावानेच मांडुळाचा घात केलाय. पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, असल्या थापांवर तो किलोच्या भावाने विकला जातो. वजन वाढवायला त्याला बळजबरीने भरवतात, शेपटीला डागण्या देऊन दुसरं तोंड काढतात. माझ्याही दुकानात एक पांढरी गाडी येऊन गेली. आतल्या माणसाने मोटारीचं काहीच विचारलं नाही. "एखादा अडीच किलोचा निघाला तर सांगा," एवढंच म्हणाला. मी वनखात्याचा १९२६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. पुन्हा कुणी आलं नाही.

तर पोराला मी म्हणालो, सुट्टीभर माझ्यासोबत फिर. मग ठरवू.

पहिला पाऊस पडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. पहिला मोठा कॉल साकोऱ्याच्या रस्त्याला एका कांदाचाळीवर आला. कांदा चाळीत भरला की उंदीर येतात, आणि उंदरांमागे बाकीचे. मालक बापू म्हातारे, दारातच म्हणाले, "आजगराचं पिलू हाये भाऊ. लई गरीब. सकाळधरनं एका जागी पडेल हाये. नातवानं काडी लावली तरी हाललं नाही."

चाळीखालच्या विटांच्या पोकळीत मी बॅटरी मारली. वेटोळं दिसलं, मनगटाएवढं जाड. पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, साखळीसारख्या, कडेला काळी रेघ. अजगराच्या अंगावर नकाशासारखे वेडेवाकडे पट्टे असतात, कुठेही तुटलेले, कसेही पसरलेले. ही साखळी मोजूनमापून विणल्यासारखी होती. डोकं तिकोनी, मान बारीक. घोणस. नातू सात वर्षांचा. त्याने लावलेली काडी अजून तिथेच पडली होती, वीतभर लांबीची.

पोरगा माझ्या खांद्यामागून बघत होता. त्याच्याही तोंडून निघून गेलं, "शांतच वाटतोय."

मी हुक पुढे केला. हुक अजून हातभर लांब होता, तोच कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखा आवाज सुरू झाला. थांबेचना. घोणस अंग फुगवते, हवा सोडते, पुन्हा फुगवते, आणि विटांच्या त्या पोकळीत तो आवाज दुप्पट होऊन येत होता. मग तिने एक झेप टाकली. हुकाच्या लोखंडावर दात आपटल्याचा टक्कन आवाज आला. पाइप लावलेली पिशवी पुढे सरकवली, अंधार दिसल्यावर ती आपणहून आत गेली. सगळं मिळून चार मिनिटं. बापू खाटेवर बसले ते नातवाला मांडीवर घेऊन बसले, तास झाला तरी सोडेनात.

सकाळभर ती पडून होती, कारण पडून राहणं हाच तिचा धंदा. वाटेवर पानात बसायचं आणि उंदीर यायची वाट बघायची. तिच्या त्या पडून राहण्याने आमच्याकडे किती हात-पाय गेलेत ते डॉक्टरांना विचारा. मण्यारीचं याहून वाईट. दिवसा सापडली तर डोकं वेटोळ्याखाली लपवते, हलवा, उचला, सहसा चावत नाही. रात्री अंथरुणात तीच मण्यार चावते आणि झोपलेल्याला बहुतेकदा कळतही नाही. उलट धामण. विष नाही, काही नाही, पण पकडली की अंग आपटते, चावते, हात रक्ताळून ठेवते, शिवाय घाण वास सोडते तो तीन आंघोळी जात नाही. लोक धामणीला रागीट म्हणतात आणि घोणशीला गरीब.

परत येताना न्यायडोंगरी फाट्यावर चहा घेतला. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मी त्याला पुराची गोष्ट सांगितली. शाकांबरी आणि लेंडी या आमच्या दोन नद्या वर्षातून नऊ महिने नावालाच. २०२१ च्या सप्टेंबरात दोन्हींना एकदम पूर आला आणि बाजारपेठेत पाणी शिरलं. ओसरल्यावर एका किराणा दुकानातून फोन आला. वरच्या फळीवर, साबणाच्या खोक्यांमध्ये नाग. मी हात लांब करून शेपटीला धरला, तरी फणा नाही की फुत्कार नाही. दुकानदार म्हणाला, देवच आहे, बघा किती शांत. देव नव्हता, रात्रभर पोहून थकला होता, आणि गार पडला होता. साप अंगची ऊब बाहेरून घेतो. डिसेंबरच्या सकाळी आमच्याकडे धामण हातात घेतली तर दोरीसारखी लोंबते, तीच दुपारी दोनला पोत्यात भरून दाखवा.

पोराने वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय ते मी विचारलं नाही.

सापाच्या तोंडावर भाव नसतो, पापणीही नसते. त्यामुळे आपण काय वाटेल ते त्याच्या तोंडावर लिहितो. मालकाला ओळखतो, माया करतो, डूख धरतो. मी आजवर हाताळलेल्या एकाही सापाने मला ओळखलेलं नाही. हाताचा वास सवयीचा होतो आणि त्यातून धोका नाही हे त्याला उमगतं, तेवढंच. पण त्या हाताला उंदराचा वास असला, तर त्याच्या लेखी तो हात म्हणजे उंदीर.

आमच्या या कामात येणाऱ्या पुष्कळांचं घोडं इथेच पेंड खातं. मी शाळेत असताना आमच्या सरांनी नीलिमकुमार खैऱ्यांची गोष्ट सांगितली होती. १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका खोलीत बसून राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे दाखवायला. त्या गोष्टीनेच मी या नादाला लागलो. पण ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांनी त्यातून नेमकं उलट उचललं. नागाच्या फण्याला ओठ लावायचे, घोणस गळ्यात घालायची, व्हिडिओ टाकायचा. माझ्याबरोबर काम सुरू केलेला एक जण असाच गेला. त्यानेही तो नाग 'शांत आहे' म्हणूनच हातावर घेतला होता. त्याच्या आईच्या डोळ्यांना डोळा देणं मला अजून जमत नाही.

आता मुद्द्यावर येतो, कारण पोरगा तिथून हटला नव्हता.

आपल्याकडे राहणाऱ्याने साप पाळावा की नाही, याबद्दल माझं मत विचाराल तर नको. पण ज्याला पाळायचाच आहे त्याने चोरून पाळण्यापेक्षा नीट पाळावा. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. साधारण तीन ते पाच फूट. घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडू होतो, म्हणून ते नाव. कॉर्न स्नेक अमेरिकेतला, सडपातळ, चपळ, खायला खवय्या, पण झाकणाला करंगळीएवढी फट मिळाली तरी रात्रीतून गायब. बॉल पायथन इतका चपळ नाही, पण रुसतो. महिनोन् महिने खात नाही आणि नव्या मालकाला वेड लागायची पाळी येते. पहिल्यांदा पाळणाऱ्याला दोन्ही चालतात. प्रश्न कुठला त्रास सोसवेल एवढाच. आणि किती वर्षं, तेही. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. मी पोराला म्हणालो, तुझं लग्न होईल, बदली होईल, पोरं शाळेत जातील, तेव्हाही हा असेल. तुझ्या सासूला आत्ताच विचारता येत नाही, हीच अडचण.

खरा विरोध सासूच्या आधी आईचा. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "खाणार काय?" पोराने सांगितलं, उंदीर, मेलेले, गोठवलेले, आठवड्याला एक, आधी पाण्यात गरम करून. "गोठवलेले म्हणजे कुठे?" "फ्रीजमध्ये." वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, माझ्या फ्रीजमध्ये? लोण्याशेजारी?" साप नांदगावात येणार नाही, हे त्याच क्षणी ठरलं. एका अर्थी बरंच झालं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो, हवा सुकी खडखडीत. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास हवं, शिवाय दमटपणा. इथे त्याला ऊब द्यायची नाही, उन्हाळ्यात गार ठेवायचं, तेही लोडशेडिंगमध्ये.

पुण्यातल्या खोलीसाठी पेटीचं काम मात्र मी अंगावर घेतलं, कारण ते माझ्या धंद्यातलं. लोक हीट मॅट थेट प्लगला लावतात आणि साप भाजतो. त्याला थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याचा सेन्सर साप बसतो त्या जागी हवा, काचेला वरून चिकटवलेला नाही. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी, अंग दोन्ही बाजूंनी टेकेल इतकी अरुंद. मोठा ऐसपैस महाल दिला तर तो कोपऱ्यात घाबरून बसतो आणि मालक म्हणतो, बघा, शांत आहे.

साप मिळाला तो त्याच्या एका सिनिअरचा. चार वर्षांचा नर, इथेच कुणाच्या तरी घरी अंड्यातून निघालेला. सिनिअर परदेशी शिकायला चालला होता. मी आधीपासून हेच म्हणत होतो. पहिला साप पिल्लू नको. पिल्लू सगळ्यांना आवडतं, पण ते घाबरट असतं, खाईल की नाही सांगता येत नाही आणि आजारी पडलं तर हाताला लागायच्या आत जातं. वाढलेला, खाता-पिता, ज्याच्या खाण्याची वही ठेवलीय, असा घ्यावा. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्राचे नवे नियम आले होते. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सहा महिन्यांत परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पुढे हात बदलला तर तेही कळवायचं. बॉल पायथन त्या यादीत आहे. मी पोराला म्हणालो, नोंदीचा कागद हातात पडेपर्यंत सापाला हात लावायचा नाही. सिनिअरने मुदतीच्या आत नोंद केली, मग हस्तांतर झालं.

बघायला मी मनमाडहून गाडी धरून सिनिअरकडे गेलो. पेटी उघडली, तर आत काळा-सोनेरी चेंडू. पोरगा म्हणाला, "शांत..." आणि माझ्याकडे बघून गप्प बसला.

मी तो चेंडू उचलून मांडीवर ठेवला आणि काही केलं नाही. दहा-बारा मिनिटं. आम्ही कांद्याच्या भावावर बोलत होतो. आधी वेटोळं सैल झालं. मग मधून नाक बाहेर आलं, आणि जीभ. साप बरा आहे की नाही ते मी जिभेवरून बघतो. लांब, सावकाश, वर-खाली फिरत होती, म्हणजे तो हवेचा वास घेत होता, कुठे आलोय ते तपासत होता. मग त्याने माझ्या मनगटाला विळखा घातला, नीट जोर लावून. ढिला लोंबणारा साप मला नकोच असतो. तोंडाच्या कडेला फेस नाही, श्वासाला घरघर नाही, डोळ्याभोवती खवल्यांत बारीक किडे नाहीत. पोटाकडून बघितलं, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बारीक काळसर नख्या होत्या, मांजराच्या पिल्लाच्या नखासारख्या. अजगरांच्या पूर्वजांना पाय होते, त्याची ती खूण. पोराला दाखवली. त्याने बोट लावलं, आणि सापाने तेवढाच भाग आखडून घेतला. बाकी अंग तसंच.

"आता म्हणू का?" पोराने विचारलं.

"आता म्हण," मी म्हणालो.

पुण्याला आणल्यावर त्याने सात आठवडे खाल्लं नाही. पोराचे रोज फोन. वजन कर म्हणालो, स्वयंपाकाच्या काट्यावर. वजन जवळपास तेवढंच होतं. मग थांब. पेटी उघडू नकोस, मित्रांना दाखवू नकोस, थांब. आठव्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता त्याचा एका शब्दाचा मेसेज आला: 'खाल्ला'. मी तेव्हा पिंपरखेडला एका छपरातला नाग उतरवून येत होतो. भर रस्त्यात गाडी थांबवून मी तो मेसेज वाचला.

दिवाळीला पोरगा आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात घेऊन. अख्खी, एकसंध, उलट्या काढलेल्या मोज्यासारखी. डोळ्यांवरच्या दोन्ही काचाही त्यातच आलेल्या. साप तब्येतीने बरा असला आणि हवेत दमटपणा असला तरच कात अशी सुटते. मी ती उजेडाला धरून बघत होतो, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि कात माझ्या हातातून अलगद काढून घेतली.

"कपाटात ठेवते," म्हणाल्या. "बरकत असते."